दाजींचं पिस्तूल आणि माझी वजनं

पिस्तुलाबद्दल माझी काही मतं आहेत आणि ती मी आजवर एकही गोळी न झाडता बनवलेली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या किराणा दुकानांचे, भातगिरण्यांचे, भंगारवाल्यांचे काटे मी उघडतो, साफ करतो आणि सरकारी शिक्क्यासाठी तयार करून देतो. राहायला आसनगावला. व्हॅनच्या मागच्या बाजूला एक लाकडी पेटी असते. तिच्यात मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं ठेवलेली असतात, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, एखाद्या घरातली माणसं ओळीने झोपावीत तशी. ती पेटी उघडली की मला बरं वाटतं. जगात निदान इतक्या गोष्टी तरी जितक्या म्हणतात तितक्याच आहेत, असं वाटतं.

पिस्तूल माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं. त्यांना मी दाजी म्हणतो. टोकावड्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं घर. दाजी सैन्यात होते. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना काढला, सरकारी कारखान्यात बनलेलं बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं आणि पुण्याच्या पलीकडे एका गोदामावर हत्यारी पहारेकरी म्हणून लागले. म्हणजे सैन्यात असताना घर जितकं लांब होतं त्याहून थोडं जवळ, एवढंच. सुट्टी मिळाली की यायचे. बहीण शेत, गुरं आणि सासऱ्यांचं आजारपण एकटीने बघायची. सासरे गेले, तेव्हाही दाजी दुसऱ्या दिवशी पोहोचले.

ते सुट्टीवर आले की मी रविवारी जायचो. दुपारी जेवणं झाली की आम्ही ओटीवर बसायचो. समोर खाचरं, त्यांच्यापलीकडे झाडी आणि तिच्यामागे डोंगरांची निळी भिंत. माळशेजकडे चढणाऱ्या एसटीचा आवाज यायचा आणि वळणाआड गेला की जणू कुणी कापसात गुंडाळून ठेवला असा बंद व्हायचा. दाजी आतून एक मऊ पिवळं फडकं घेऊन यायचे. मांडीवर ठेवून उलगडायचे. आधी मुठीतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पट्टी, काढून खिशात. मग स्लाइड, नळीवरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवायची, आत बोट घालून बघायचं, मला दाखवायचं आणि मगच पिस्तूल माझ्या हातात. हा क्रम कधी चुकला नाही. मीही कधी तो चुकू दिला नसता.

रिकामं पिस्तूल हातात घेतल्यावर पहिल्यांदा कळतो तो त्याचा गारवा. उन्हाळ्यातसुद्धा ते गार असतं, विहिरीच्या आतल्या दगडासारखं. मग हळूहळू तळव्याची ऊब त्याच्यात उतरते आणि ते किती जड आहे हे आपण विसरतो. जड ते नाहीच. मी वजन केलं होतं, पाऊण किलोला थोडं कमी भरलं. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व असतं, हे काट्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. याचं वजन मुठीच्या किंचित पुढे आहे. त्यामुळे हात लांब केला की ते आपणहून थोडं वाकतं, आणि मनगट त्याला नकळत वर धरतं. ते धरून मी समोरच्या डोंगराकडे बघत बसायचो. नेम कशावरच नसायचा. कधी कधी तर डोळे मिटायचे. हातात एवढी भयंकर वस्तू आणि मनात एवढी शांतता, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

"झोपला काय रं दादा तू, हातात ते घेऊन?" बहीण आतून चहा आणताना म्हणायची.

"तो वजन करतोय," दाजी म्हणायचे. "डोळं मिटूनच करतात वजन ही काटेवाली माणसं. म्हून तर गिऱ्हाइकाचं पाव किलो जातंय."

दाजींचं आणि माझं पिस्तुलाबद्दल एकमत कधीच नव्हतं. माझं म्हणणं होतं की रिव्हॉल्व्हर बरं. शहापूरच्या एका गिरणीमालकाकडे मी ते पाहिलं होतं. त्याचं सगळं उघड असतं. फिरतं चाक, त्यात गोळ्या, एक नाही उडाली तर पुन्हा चाप ओढा, चाक फिरेल, पुढची येईल. एकीचा दुसरीशी संबंध नाही. पिस्तुलाचं तसं नाही. पहिली गोळी उडते तेव्हा तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, परत येताना मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत ढकलते. म्हणजे पिस्तुलाची प्रत्येक गोळी मागच्या गोळीच्या उपकारावर उभी असते. मध्ये कुठे एक काम अर्धवट राहिलं की सगळी रांग थांबते. मला अशी यंत्रं आवडत नाहीत. तराजूत आधीच्या वजनाचा काही अंश उरत असेल तर त्या तराजूला मी शिक्का मिळू देणार नाही.

"तुमी कधी रिव्हॉल्व्हर धरलंय का?" दाजी विचारायचे.

"नाही. बघितलंय."

"मंग बोलू नका. मुठीत भोपळा धरल्यावानी वाटतं ते. हे बघा कसं चपटं. कमरंला लावलं तर शर्टावरून कळत नाय. आन् ते चाक हाय ना, ते हाताला इचारत नाय. हे इचारतं."

"काय विचारतं?"

"घट्ट धरलंय का, ते. मनगाट ढिलं पडलं तर हे रुसतं. स्लाइडला मागं जायला टेकू लागतो ना. धरणारा ढिला तर हे पन ढिलं. त्यात पिस्तुलाचा दोष नाय."

सैन्यात त्यांनी जे वापरलं ते याहून जाड होतं, हातात भरून येणारं. त्याची आठवण काढताना त्यांचा पंजा आपोआप थोडा उघडायचा. तशा मापाचं हत्यार सैन्याबाहेरच्या माणसाला ठेवता येत नाही. हे बत्तीसचं त्यांना सुरुवातीला खेळण्यासारखं वाटलं होतं. पण हळूहळू सवय झाली. सवय झाली की मत होतं, असं माझं निरीक्षण आहे. काट्यांच्या बाबतीतही दुकानदार ज्या काट्यावर वाढला त्यालाच खरा मानतो.

एकदा मी पेटी घेऊन गेलो होतो. दाजींनी रिकामं पिस्तूल नळी वर करून उभं धरलं आणि मी चापाला दोरीने वजनं लावत गेलो. तीन किलोच्या थोडं पुढे गेल्यावर चाप सुटला, आत टक् झालं. परत केलं. परत तेवढ्यालाच. मी दहादा केलं. एकदा किंचित फरक पडला, तोही दोरी सरकल्यामुळे असावा. मी मनात पिस्तुलाला थोडी जागा दिली. भरवसा म्हणजे माझ्या धंद्यात एवढंच. तेच वजन ठेवलं की तोच आकडा. काटा चांगला की वाईट, हे नंतर. आधी तो एकसारखा पाहिजे. एकसारखा चुकणारा काटा दुरुस्त होतो. कधी बरोबर, कधी चूक दाखवणारा काटा माणसाला वेडं करतो.

आमच्याकडच्या पावसात लोखंड टिकवणं सोपं नाही. दाजींची त्याबद्दलही मतं होती. चामड्याचं पाकीट ते वापरायचे नाहीत; चामडं ओल धरून ठेवतं, त्याला बुरशी येते आणि बुरशी लोखंडाला चिकटते. तेल पातळ आणि अगदी थोडं. बहिणीच्या शिलाई मशीनचं तेल त्यांनी एकदा घेतलं होतं, त्यावरून घरात दोन दिवस बोलणं झालं. गोळ्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषायला कोळशाचा तुकडा. पुण्याकडे असताना ते बहिणीला फोन करायचे तेव्हा पाऊस किती पडला हे विचारायचे, आणि ती म्हणायची, "माझ्या भाताची काळजी का तुमच्या त्या पिस्तुलाची?" पिस्तूल त्यांच्याजवळच असायचं, तरी ती असं म्हणायची.

मग मुरबाडच्या एका कारखान्यात हत्यारी पहारेकऱ्याची जागा निघाली. घरापासून मोटारसायकलने जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर. दाजींना कुणीतरी कळवलं. त्यांनी पुण्याकडची नोकरी महिन्याच्या नोटिशीवर सोडली आणि दसऱ्याच्या आधी कपड्यांची ट्रंक घेऊन घरी आले. बहिणीने ती ट्रंक आत नेली, रिकामी केली आणि तिच्यात पुढच्या पेरणीचं बियाणं भरून ठेवलं. ट्रंक परत मोकळी करायची नाही, हे आम्हाला कळलं.

जागा मात्र अजून मिळालेली नव्हती. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी स्वतः निवृत्त फौजी होते. त्यांची अट होती की उमेदवाराने आपलं हत्यार घेऊन गोळीबाराच्या मैदानावर यायचं, त्यांच्यासमोर दहा गोळ्या झाडायच्या. कागदावरचा परवाना पुरेसा नाही, हत्यार चालतं का आणि माणसाला ते चालवता येतं का, दोन्ही बघायचं. मला ही अट पटली. मी शिक्क्याआधी तेच करतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी त्यांच्याकडे होतो. आमच्या भागात त्या दिवशी अवजारांची पूजा होते. बहिणीने पाट मांडून त्यावर विळे, कोयता, नांगराचा फाळ, फवारणीच्या पंपाची नळी, आपली शिवणाची कात्री असं सगळं ठेवलं होतं. माझ्या पेटीतलं एक किलोचं वजन मीही ठेवलं. शेवटी दाजींनी पिस्तूल आणलं. मॅगझिन खिशात, स्लाइड मागे ओढून अडकवलेली, म्हणजे कुणालाही लांबून दिसावं की आत काही नाही. सैन्यातली शिस्त. हळद, कुंकू, फुलं झाली. मग तिने नवं बांधायला घेतलं. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताच्या लोंब्या नुकत्या पिकलेल्या असतात. त्यांच्या जुड्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला, अवजारांना, मोटारसायकलला, सगळ्याला बांधायच्या. घरातल्या कुठल्याही कष्टाच्या वस्तूला नव्या पिकाचा वास आधी लागला पाहिजे, असं त्यामागे आहे. तिने विळ्यांना बांधलं, पंपाला बांधलं, आणि एक छोटी जुडी दोऱ्याने पिस्तुलाला.

"त्याला कशाला गो?" दाजी म्हणाले. ते समोरच बसले होते.

"का? ते काय कामाला जात नाय? परवा त्याचीच तर परीक्षा हाय."

दुपारच्या तिरप्या उन्हात पाटावर ते सगळं लोखंड आणि त्यावर पिवळ्या लोंब्या. मला ते फार सुंदर वाटलं होतं. फाळ, विळा आणि पिस्तूल तिन्ही एका घरातली भावंडं वाटत होती, एकाच कामावरून परत आलेली. मी बराच वेळ तिथेच भिंतीला टेकून बसलो होतो. लोंब्यांचा गोडसर वास येत होता आणि मला डुलकी लागली.

संध्याकाळी दाजींनी जुडी सोडली, पिस्तूल पुसलं. दसरा झाल्यावर नळीत ब्रश फिरवून तेल दिलं, रिकामी स्लाइड चार-पाच वेळा मागेपुढे केली. सगळं ठीक होतं.

परीक्षेला मी त्यांना व्हॅनमधून नेलं. मैदान कल्याणच्या पुढे, टेकडीला लागून होतं. सकाळी धुकं होतं आणि समोरचा मातीचा बांध त्यातून हळूहळू वर येत होता. उमेदवार तिघं. सोबतची माणसं मागच्या रेषेच्या पलीकडे, कानाला लावायला दिलेली जाड रबरी झाकणं लावून. झाकणं लावली की जग एकदम लांब जातं. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. दाजी उभे राहिले, हात पुढे गेला, आणि जे पिस्तूल मी ओटीवर डोळे मिटून धरायचो ते पहिल्यांदा बोललं. आवाज झाकणांतून थप् असा आला, कुणी धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा. रिकामं काडतूस उन्हात चमकून बाजूला पडलं. दुसरं. दोन्ही पितळी, माझ्या लहान वजनांसारखी. मला त्यात काही भयंकर वाटलं नाही. खरं सांगायचं तर मोह झाला.

तिसरी गोळी उडाली नाही.

दाजींनी चाप ओढला, काही झालं नाही. इतक्या लांबून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती; ती हलली नाही. नळी बांधाकडेच ठेवून त्यांनी मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, न उडालेली गोळी टेबलावर पडली. मॅगझिन परत चढवलं. चौथी गेली. पाचवीला पुन्हा तेच. अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"थांबा. हत्यार रिकामं करा. बाजूच्या टेबलावर घ्या, काय झालंय बघा. तोवर पुढचा गडी."

मला टेबलाजवळ बोलावलं, कारण दाजींनी सांगितलं की मेव्हण्याकडे बारीक कामाची अवजारं आहेत. दाजींनी पिस्तूल खोललं. भाग कापडावर मांडले. स्लाइड पूर्ण पुढे जात नव्हती, केसभर उघडी राहायची, आणि ती पूर्ण मिटल्याशिवाय चाप काम करत नाही, हे त्यांना माहीत होतं. का राहायची, ते कळत नव्हतं. "स्प्रिंग," मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. काट्याची दांडी ज्या बारीक धारांवर झुलते त्या बघायची भिंगाची वाटी मी डोळ्याला लावली. रिकामं काडतूस ओढून काढणारी एक बारीक आकडी असते. तिच्या मागच्या खाचेत काहीतरी पिवळं होतं. दाजींनी माझी सुई घातली आणि ते बाहेर काढलं.

भाताचं तूस. अर्धं, कुसळासकट. तेलाने भिजून मऊ झालेलं.

गोळी नळीत शिरताना आकडीला मागे सरकायला जागा लागते, नाही मिळाली तर स्लाइड पूर्ण मिटत नाही. तूस दबलं तर जागा मिळायची, फुगलं तर नाही. म्हणून कधी चालायचं, कधी नाही. मी ज्याला सर्वात वाईट चूक म्हणतो, ती. स्लाइड उघडी होती म्हणून ते आत गेलं, आणि ती उघडी होती कारण पिस्तूल रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

"दादा," दाजी हळूच म्हणाले, "आता काय सांगू?"

"खरं सांगा. पिस्तुलात दोष नाही, बाहेरची वस्तू अडकली होती. पुन्हा झाडू द्या म्हणा."

"आन् ती आली कुठून, असं इचारलं तर? बायकोनं हत्याराला भात बांधलं म्हनू? हत्यार घरात कुनाच्याबी हाताला लागतंय, असा अर्थ काढतील. पहारेकरी म्हून घेतील का मला? स्प्रिंग जुनी झाली म्हनलं तर आठ दिवसांत नवी टाकून या म्हनतील निदान."

"आणि तोपर्यंत जागा भरली तर?"

"तर ट्रंक मोकळी करायची."

दुकानदाराच्या काट्यात पाल मेलेली निघाली तर मी शिक्क्याआधी सांगतो. पण पाल कुणी आत सोडली, असं मला कधी कुणी विचारलेलं नाही, आणि उत्तरावर कुणाचं घर अवलंबून नसतं. खरं बोला म्हणणं मला सोपं होतं. सल्ला मी परत घेतला नाही, पण दुसऱ्यांदा दिलाही नाही. धुकं निघून गेलं होतं. पुढच्या गड्याच्या गोळ्या संपल्या होत्या आणि बांधावर एक बगळा येऊन बसला होता. गोळीबार थांबल्याचं त्याला कसं कळलं कोण जाणे.

अधिकारी आले. "काय निघालं?"

दाजी सावधानमध्ये उभे राहिले. सवयीने. "भाताचं तूस, साहेब."

"तूस?"

"खंडेनवमीला नवं बांधलं. हत्यार पाटावर होतं. रिकामं. मॅगझिन माझ्या खिशात, मी समोर."

"बांधलं कुणी?"

दाजी क्षणभर थांबले. "बायकोनं."

अधिकाऱ्यांनी तूस चिमटीत धरून उजेडात बघितलं. ते साताऱ्याकडचे होते, असं बोलण्यावरून वाटत होतं. "आमच्याकडं बंदुकीला झेंडूची माळ घालत्यात," ते म्हणाले. "पीक घालताना पहिल्यांदा बघतोय. नशीब, वर नारळ नाही फोडला."

बाजूला उभा असलेला दुसरा उमेदवार मोठ्याने हसला. दाजी हसले नाहीत.

"सगळ्या दहा. पहिल्यापासून," अधिकारी म्हणाले. "मधली एकही अडली तर घरी."

मी परत रेषेमागे गेलो आणि झाकणं लावली. या वेळी मी मोजलं नाही. मोजायची इच्छाच झाली नाही. मोजणाऱ्या माणसाला असं होतं तेव्हा त्याला स्वतःची थोडी भीती वाटते. मी दाजींच्या पाठीकडे बघत राहिलो. थप्, चमक. थप्, चमक. हातात काहीच नसताना माझा उजवा पंजा अर्धा मिटलेला होता आणि मनगट ताठ होतं, जणू ते घट्ट धरायचं काम मलाच दिलेलं होतं. मध्येच मॅगझिन बदललं. पुन्हा थप्. मग आवाज थांबला आणि मला वाटलं, अडलं. पण दाजी वळले होते, आणि स्लाइड उघडी धरून आतला रिकामेपणा अधिकाऱ्यांना दाखवत होते.

नेमणुकीचा कागद त्याच टेबलावर झाला. सही करायच्या आधी अधिकाऱ्यांनी पेन वर उचललं. "एक अट. ड्यूटी संपली की हत्यार कारखान्याच्या तिजोरीत. किल्ली तुमच्याकडंच राहील, हत्यार तुमचंच. पण घरी न्यायचं नाही. मंजूर असेल तर बोला."

खरं सांगताना दाजी जेवढे थांबले होते, त्याहून जास्त इथे थांबले. माझ्या लक्षात आलं की सैन्यातून आल्यापासून ते पिस्तुलापासून एक रात्रही लांब राहिलेले नाहीत. बहिणीपासून राहिले होते.

"मंजूर, साहेब."

परतताना ते व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसले होते. पिस्तूल फडक्यात, मांडीवर. रुजू व्हायला अजून चार दिवस होते. मुरबाड सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापणीला आलेलं भात होतं, आणि ऊन असं होतं की खाचरं कुठे संपतात आणि उजेड कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. दाजी फडक्यावरून बोट फिरवत होते. एकदाच म्हणाले, "मनगाट ढिलं नव्हतं माझं." मी म्हणालो, "नव्हतं."

बहीण दारातच उभी होती. दाजींनी तिला सगळं सांगितलं, तुसासकट. तूस ऐकून तिने तोंडावर हात घेतला. "माज्याच हातानं," ती म्हणाली. मग घाईने विचारलं, "पन जागा?"

"मिळाली."

"म्हंजे रोज घरी?"

"रोज. हत्यार तेवढं तिकडंच ऱ्हानार. तिजोरीत."

ती त्या पिवळ्या फडक्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि पदराने डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे. लय वर्सं ते तुमच्या उशाशी होतं आन् मी हितं. आता त्याला कळू दे जरा."

"काय कळू दे गो?" दाजी म्हणाले.

"एकट्यानं झोपायचं कसं, ते."

अजूनही मी काही रविवारी जातो. पिस्तुलाबद्दलची माझी मतं तशी बदललेली नाहीत. रिव्हॉल्व्हरचा उघडपणा मला अजून आवडतो, आणि मागच्यावर अवलंबून राहणारं यंत्र मला अजून धोक्याचं वाटतं. फक्त आता ते बोलून दाखवायला समोर पिस्तूल नसतं, त्यामुळे वादात जोर येत नाही. दाजींची ड्यूटी रविवारीही असते. मी आणि बहीण ओटीवर बसतो. डोंगर संध्याकाळी जांभळे होत जातात. माझा हात कधी कधी मांडीवर उगाच उताणा पडलेला असतो, त्या गार वजनाची वाट बघत, आणि काही मिळालं नाही की आपणहून मिटतो. मग रस्त्याच्या वळणावर मोटारसायकलचा दिवा दिसतो. बहीण उठून चहा ठेवायला आत जाते. दाजी गाडी उभी करतात, ओटीच्या पायरीवर बसून बूट सोडतात, आणि आतून ती विचारते, "आलात?" ते तिथेच असतात, दोन हातांवर. तरी ती विचारते, आणि ते दर वेळी उत्तर देतात.